आईच्या बोटांत काय आहे

३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खोकला कसा आहे? "बरी आहे" एवढंच लिहू नकोस, खरं लिही.

बातमी अशी, की दादाच्या शाळेत आईचा पुतळा बसणार आणि काम मलाच मिळालंय. घरचीच शिल्पकार असताना बाहेर कशाला जायचं, असं अध्यक्षमहाराज, म्हणजे आपला दादाच, म्हणाले. पुतळ्यात आई खुर्चीत बसली आहे, नजर दाराकडे. उजवा हात थोडा उचललेला, बोटांची चिमूट. आई शिक्षिका, तेव्हा हातात खडू असणार असं दादा धरूनच चाललाय. येतो, नाक सरळ कर म्हणतो, चष्मा बारीक कर म्हणतो. हाताकडे बघत नाही. गिऱ्हाईक चेहराच बघतं.

तुला तो हात आठवतोच. आईची वाचा गेली तेव्हा तू तिच्या हातात पितळेची घंटा दिलीस. पाहुण्यांसमोर कसं दिसतं म्हणून दादाने ती उचलून नेली. पुढेही मागच्या खोलीत आई रिकामी चिमूट हलवत राहायची, आणि कुणी येत नव्हतं. मी तोच हात करते आहे. एकदा ब्राँझ ओतलं की तो कुणाच्या बापाला बदलता येणार नाही. (आपला बाप एकच आहे, ते असो.)

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी,
छोटी


११ जानेवारी

चि. छोटीस,
अ. उ. आ.

खोकला आहे तसाच आहे. झालं समाधान?

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, राग देवाकडे सोपवावा. तू तर देवाच्या हातचं काम हिसकावून घेतेस. दादाही आता म्हातारा झालाय, जिना चढताना थांबतो. सोडून दे, असं लिहायलाच बसले होते.

मग आरशासमोर उभी राहून आईसारखी चिमूट धरून पाहिली. छोटे, तिची करंगळी वळत नसे, बाहेर ताठ राहायची. तेवढी नीट कर.

जिवाला जप, मातीत फार वेळ बसू नकोस.
तुझी,
ताई


२० एप्रिल

चि. छोटीस,
अ. उ. आ.

अनावरण थाटात झालं, तू हवी होतीस. पाहुण्यांना बोटांत ज्ञानाचा खडू दिसला. वर्तमानपत्रातल्या समीक्षकाने लिहिलं, पिढ्यांना जोडणारा अदृश्य धागा आहे. चित्रकलेचे सर म्हणतात, बी पेरते आहे. मीही भाषणात खडूच म्हणालो. टाळ्या पडल्या.

काल जेवताना नातीने विचारलं, पणजीची घंटा कुणी घेतली? मी सांगितलं, अगं, खडू आहे तो. तर म्हणते, खडू असता तर फळ्याकडे बघितलं असतं, ती दाराकडे बघते, कुणाला तरी बोलावते. सगळे हसले. मी पानावरून उठलो.

माझ्या कचेरीची वाट आईच्या पुतळ्यासमोरूनच आहे. छोटे, एक बारीकसा खडू बसवून दे. लहान आहेस, पण मन मोठं कर.

थोरल्या भावाला विसरू नये.
तुझा,
दादा


२८ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खडू बसवता येईल. सकाळभराचं काम आहे. मी करणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला करूही देणार नाही.

माती ओली होती तोवर तू तीनदा येऊन गेलास. दर वेळी मी स्वतः फडकं काढून आई दाखवली. हात असा का, एवढं विचारलं असतंस तरी मी तो मोडून मांडीवर ठेवला असता. खरंच ठेवला असता. तू नाक सरळ करून घेतलंस.

लोकांना खडू दिसो, धागा दिसो, बी दिसो. मी कुणाचं म्हणणं खोडून काढणार नाही. पुतळा शाळेचा आहे, हात तेवढा तुझा आहे. नातीला माझ्याकडून पापा दे, आणि घंटा कुणी घेतली ते तूच सांग.

आईवर होता तेवढाच लोभ माझ्यावरही असू दे.
तुझी,
छोटी