आत्याच्या पायाचं माप

कन्नड,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

चि. सोनियास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आधी सगळ्यांच्या तब्येती कळव, एकेकाची, घाईत उरकू नको. सुदर्शनचा गुडघा जिना उतरताना अजून कुरकुरतो का? माझा धाकटा भाऊ असून माझ्याआधी म्हातारा व्हायला निघालाय, हे तुझ्या बापाला माझ्या नावानं सांग. सरिताची मान कशी आहे, मशिनीवर बसताना पाठीशी उशी घेते की नाय? तुझी टाच बरी झाली का? आणि तुझी स्कूटी, तिला सकाळचा खोकला येतो तो गेला का? आम्ही ठीक. नानांचं बीपी गोळीचं ऐकतं, नाना कुणाचंच ऐकत नाहीत.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुला. आमच्या घरात फोन एक, आणि नाना तो स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवतात. मागं तू टाचेचं सांगितलंस, तर दिवस मावळायच्या आत तीन बायका हळद घेऊन दारात. म्हणून हे कागदावर. आमचा आकाश शाळेत होता तेव्हा त्याच्या पाटीवरून मी अक्षरं उचलली, तीही वापरात राहतात.

गेल्या जानेवारीतली घाटातली डोंगरदौड तुला ठाऊक आहे. दहा किलोमीटर, दोन तासांच्या आत. मी आकाशचे बूट घालून गेले होते, आत दोन-दोन मोजे. त्या बुटांना खाली दोन बोटं जाड गादी. पाटावर उभं राहून चालल्यासारखं वाटत होतं. सहाव्या किलोमीटरला पायाखाली दगड आला तो मला कळलाच नाही, आणि घोटा मुरगळला. नानांनी जीप आणली आणि सगळ्या लोकांदेखत म्हणाले की हे या वयाचं काम नाही, पुन्हा डोंगराचं नाव काढायचं नाही. मी नाही काढलं. पण सोनिया, मनातून डोंगर उतरत नाय.

येत्या अठरा जानेवारीला दौड आहे. शेजारच्या चंपाबाईच्या सुनेच्या फोनवरून मी नाव घातलंय. नानांना पत्ता नाही. चाळीस वर्षं याच डोंगरात अनवाणी गुरं वळली, तेव्हा अनवाणी पळू दिलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण नियम असा की पाय झाकणारे बूटच हवेत. नाहीतर शिट्टीवाली पोरगी रेषेवरूनच माघारी पाठवते. तू पळणाऱ्यांतली. असा बूट मिळतो का, जो नियमाला दिसेल आणि पायाला दिसणार नाही?

कळावं. माया आहेच, तिला ऊन-पाणी देत राहा.
तुझी आत्या
भागूबाई

---

छत्रपती संभाजीनगर,
दि. १५ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आत्यास,
सोनियाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझा निरोप ऐकून बाबा रागानं दोनदा जिना चढले-उतरले, त्यावरून गुडघा बरा असावा. आई उशी घेते, पण मांडीवर. माझी टाच आणि माझी स्कूटी, दोघी गरम होईपर्यंत कण्हतात, मग पळतात.

तू मागितलास तसा बूट खरंच असतो. बेअरफूट शूज म्हणतात त्याला, म्हणजे अनवाणी बूट. तळ पातळ, टाच उंच केलेली नसते, आणि पुढं बोटांना पसरायला ऐसपैस जागा. हातात घेतला तर पोळीसारखी गुंडाळी होते. डोंगरासाठीच्या बुटाला खाली खाचा असतात, म्हणजे मुरमावर घसरायला होत नाही. मी जूनमध्ये घेतला आणि पहिल्याच दिवशी आठ किलोमीटर पळाले. टाचेचं दुखणं तिथलंच आहे. माझे शहरातले पाय, त्यांना गादीची सवय. सगळे सांगत होते की आधी दहा मिनिटं चाल, मग वीस. ऐकलं नाही. तुझं उलटं आहे. तुझ्या पायांना जमिनीची सवय आहे, बुटाची तेवढी लावायची.

मापाचं मात्र नीट ऐक. माझ्याबरोबर शाइस्ता पळते, तिच्या वडिलांचं, फारूखचाचांचं, पैठण गेटजवळ चपला-बुटांचं दुकान आहे. ते म्हणतात की फोनवरच्या फोटोत पाय नखाएवढाही होतो आणि हत्तीएवढाही, त्यावर बूट देणार नाही. खराखुरा कागद पाठव. पाय कागदावर संध्याकाळी काढायचा, कारण दिवसभरात तो फुगतो. उभं राहून, वजन दोन्ही पायांवर, पेन्सिल सरळ उभी धरून.

आणि आत्या, नानांना सांगून टाक ना. माझ्या पोटात काही राहत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

उत्तराची वाट पाहते. आहे तसा जीव असू दे.
तुझी
सोनिया

---

कन्नड,
दि. २२ नोव्हेंबर २०२५

चि. सोनियास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाय पाठवले आहेत, कॅलेंडरच्या पाठीवर दोन्ही. उभं राहून आपलाच पाय आपण कसा काढायचा, हे फारूखभाईंनी सांगितलं नाही. वाकलं की सगळं वजन पुढं येतं. शेवटी चंपाबाईला शपथ घालून खाली बसवलं. तिनं पेन्सिल बोटांच्या बेचक्यात नेली आणि मला गुदगुल्या झाल्या. करंगळीजवळ रेघ लाटेसारखी गेली आहे ती माझा पाय धरू नको, ते माझं हसू आहे.

नानांना सांगायचं म्हणतेस. कसं सांगू? कुणी डोंगराचा विषय काढला की हे उठून गोठ्याकडं निघून जातात. दहा महिने झाले, राग अजून तसाच.

बाकी एक गंमत. परवा दुपारी माझा जरा डोळा लागला होता. तळपायाला काहीतरी वळवळलं म्हणून मी लाथ झाडली, ती नानांच्या नाकावर. म्हणाले, मुंगळा होता, तो काढत होतो. एवढा मोठा मुंगळा मला काही सापडला नाही. नाक टमाट्यासारखं झालंय, हळद लावली. या वयात मुंगळ्यापायी एवढी काळजी करतात, मला बरंही वाटलं.

बूट लवकर बघ. सवयीला दिवस हवेत. तुझ्या पोटात हे राहू दे, पोट दुखलं तरी राहू दे.
तुझी आत्या

---

कन्नड,
दि. २३ नोव्हेंबर २०२५

चि. सोनिया हिस,
नानासाहेबाचे आशीर्वाद. पत्रास कारण की,

पत्र लिहायची सवय मोडली आहे, चूकभूल पोटात घाल. हे बद्रीनाथ पोस्टमनच्या हातात बांधावर देतो आहे. तुझ्या आत्याला कळता कामा नये.

गेल्या दौडीत ती घोटा धरून दगडावर बसलेली दिसली. भ्यालो. भ्यालेला माणूस ओरडतो, तसा मी चारचौघांत ओरडलो. तेव्हापासून ती डोंगराकडं बघतही नाही, कपडे वाळत घालते तर पाठ करून घालते. कुणी विषय काढला की मला तिथं बसवत नाही. जोंधळ्याचं पोतं उचलतो, पण एवढी एक गोष्ट तोंडातून उचलत नाही.

चितेगावहून आकाशनं फोनवर सांगितलं की अनवाणी बूट म्हणून एक प्रकार आहे. वाटलं, तोंडानं जमत नाही ते बुटानं सांगावं. ती झोपेत असताना सोबतचं माप काढलं आहे. तीन दुपारी लागल्या. अंगठा आणि बोटं आली आहेत, टाच निम्मीच आली, कारण त्या वेळी तिनं पाय वापरला. नाकाचं विशेष काही नाही. उरलेली टाच तू अंदाजानं धर.

अठराला दौड आहे. ती गेली तर माझ्या छातीवरचा दगड उतरेल. नाही म्हणाली तर निदान बूट तरी घरात राहतील.

बूट चांगलाच घे. लोभ आहे, तो बोलून दाखवता येत नाही एवढंच.
नानासाहेब

---

छत्रपती संभाजीनगर,
दि. १ डिसेंबर २०२५

ती. सौ. आत्यास, साष्टांग नमस्कार. वि. वि.

काल फारूखचाचांनी काउंटरवर तीन जोड मांडले. पहिला दिसायला राजबिंडा, पण पुढं निमुळता. चाचांनी आतला पातळ तळ बाहेर ओढून तुझ्या कागदावर ठेवला, तर तुझी करंगळी हसू वगळूनही बाहेर. दुसरा इतका पातळ की घाटातली धारदार खडी थेट टोचली असती. तो बागेत फिरणाऱ्यांचा, असं चाचा म्हणाले. तिसरा मातकट रंगाचा, बदकाच्या पायासारखा पुढं रुंद, खाली खाचा, पुढं अंगठाभर मोकळी जागा. चाचांनी त्याची गुंडाळी करून माझ्या मुठीत दिली आणि विचारलं की हे पाय कुणाचे, अशी पसरलेली बोटं त्यांनी दुकानात कित्येक वर्षांत पाहिली नाहीत. माझी आत्या, असं मी जरा जोरातच सांगितलं.

तिसराच घेतला. पार्सल निघालंय. पोस्टमनवर लक्ष ठेव. पहिला आठवडा दहा मिनिटं फक्त, माझ्यासारखं करू नको.
तुझी सोनिया

---

छत्रपती संभाजीनगर,
दि. १ डिसेंबर २०२५

ती. नानांस, साष्टांग नमस्कार.

झोपलेला पाय उभ्या पायापेक्षा अर्धं बोट अरुंद भरतो, हे मला तुमच्यामुळं कळलं. कसं कळलं ते विचारू नका. बूट बरोबर मापाचे मिळाले आहेत. पार्सल निघालंय, पोस्टमनवर लक्ष ठेवा. नाकाला जपा.
सोनिया

---

कन्नड,
दि. १४ डिसेंबर २०२५

अगं नाठाळ पोरी,
तुला आशीर्वाद देऊ की कान धरू?

मागच्या आठवड्यात शनिवारी बद्रीनाथ अंगणात आला. मी गोठ्यातून पळाले, नाना विहिरीवरून. पार्सलचं एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या. मी म्हटलं की चंपाबाईचा शेवयांचा सोऱ्या आहे. ते म्हणाले, पंपाचं वायसर आहे. एवढं मोठं वायसर कुठल्या पंपाला लागतं, असं मी विचारलं, तर सोऱ्या इतका हलका कसा म्हणून त्यांनी विचारलं. बद्रीनाथनं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला की महिनाभर दोघांची गुपितं एकाच पिशवीत वाहून त्याची पाठ गेली, आता एक तर उघडा नाहीतर तो उघडतो.

उघडलं. वर तुझी चिठ्ठी, की दोघांनी मागितले पण पाय एकच निघाला.

नाना बुटांकडं बघत म्हणाले की गेल्या दौडीला लोकांदेखत बोलायला नको होतं, चुकलं. मी म्हटलं की नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. भिंतीपलीकडून चंपाबाई म्हणाली की तिलाही ऐकू आलं. आणि मी बापडी दहा महिने याला राग समजत होते.

बूट घातले. पाचही बोटं आपापल्या जागी पाय पसरून बसली. पायाखाली हरभऱ्याचा दाणा आला तरी कळतो. रोज दहा मिनिटं, तू सांगितलंस तेवढीच. तळवे खूश, पोटऱ्या तेवढ्या संध्याकाळी बोलतात.

दौडीला जा म्हणाले, पण जीप घेऊन वाटेत थांबतो म्हणाले. मी साफ नाही सांगितलं. जीप समोर दिसली की गुडघे विचार करायला लागतात. शेवटच्या रेषेवर या, तेही चालत. कबूल झालेत. पोचते की नाही ते मात्र अठराला दिसेल. भीती वाटते गं, आणि हसूही येतं.

जीव लावून आहेस, तसाच लावून ठेव.
तुझी आत्या

---

कन्नड,
दि. २२ जानेवारी २०२६

चि. सोनियास,
आत्याचे तिळगुळासारखे आशीर्वाद. वि. वि.

सुदर्शन, सरिता, तू, स्कूटी, सगळे बरे असाल असं धरून पुढं लिहिते, कारण मला धीर नाही.

पोचले. एक तास छप्पन मिनिटं.

रेषेवर शिट्टीवाल्या पोरीनं बूट बघितले आणि विचारलं की आजी, हे मोजे आहेत का. मी एक काढून तिच्या हातात दिला. तिनं दाबला, वळवला, तळाच्या खाचा मोजल्या, दुसऱ्या पोरीला बोलावून दाखवला. मागचे लोक ओरडायला लागले तेव्हा म्हणाली की पाय झाकलाय, जाऊ द्या. चढावर मी कुणाच्या नादी लागले नाही, गुरांमागं चालायची तीच चाल धरली. सहाव्या किलोमीटरला तोच उतार, तेच सुटे दगड. एक दगड पायाखाली फिरला, आणि माझ्या डोक्याला कळायच्या आत पायानं स्वतःच आपलं वजन काढून घेतलं. मी जागेवर उभी राहून पायाकडं बघितलं. असं वाटलं की जुनं माणूस भेटलं.

आठव्याला एक जाडजूड बुटांतला जवान पोरगा घोटा धरून बसला होता. त्याचे ते मोठे डोळे बघून मला पुढं जाववेना. डोक्याच्या रुमालानं घोटा आवळून बांधला, मागून त्याचे सोबती येईपर्यंत थांबले. त्यात बारा-पंधरा मिनिटं गेली. मग मात्र पोरी, मी पळाले. पदर खोचून, तोंडानं हुर्रर्र करत, वासरू सुटल्यावर धावावं तशी. पोरं वाट देत होती. शेवटच्या वळणावर श्वास घशात आला होता आणि तरी मला हसूच आवरेना.

नाना रेषेपलीकडं घड्याळ धरून उभे. कबूल केल्याप्रमाणं चालत आले होते. मला वाटलं, काही बोलतील. नुसते घड्याळाकडं बघत राहिले, मग ते मला दाखवलं, मग शेजारच्या माणसाला, मग चहावाल्याला. साठीच्या वरच्या आम्ही तिघी होतो. मी दुसरी आले. तिसरी अजून वर देवळात बसून गप्पा मारतेय म्हणतात.

खरी कथा पुढं आहे. परत येताना यष्टीत नानांचं तोंड उघडलं ते कन्नड येईपर्यंत मिटलं नाही. कंडक्टरला सांगितलं, मागच्या सीटवरच्या वऱ्हाडाला सांगितलं, आणि उतरताना सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगून टाकलं की पुढच्या वर्षी आमची बाई एकवीस किलोमीटर पळणार. मला न विचारता. वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या.

आता रोज पहाटे पाचला नाना बूट पुसून, चहा करून उशाशी हजर. काल थंडी अशी की गोधडीतून नाक बाहेर काढवेना. मी म्हटलं की आज राहू द्या. तर म्हणाले, लोकांदेखत शब्द गेलाय, आता मागं येणं नाही. गेले मग मी डोंगरावर. आजही गेले.

तुझं ते ऐकतात. त्यांना चार ओळी लिही, की एकसष्ट वर्षांच्या बाईला आठवड्यातून एक रविवार झोपू द्यावं. पत्र येईस्तोवर मला रोज चढायचं आहे, तेव्हा उत्तर आजच्या आज टाक.

तुझी,
पोटऱ्या चोळत बसलेली
आत्या