मंगलाष्टकं बाहेर गेलीच नाहीत

उस्ताद, तुम्ही गेल्यावर भोंगे मी विकले नाहीत, पण लावतही नाही. आता माझा धंदा लॅपटॉपवर चालतो. मांडवात दोन कॅमेरे उभे करायचे, मिक्सरमधून आवाजाची वायर लॅपटॉपला द्यायची, आणि एन्कोडर नावाचं सॉफ्टवेअर त्या चित्राचा नि आवाजाचा एकत्र गठ्ठा बांधून इंटरनेटवर सोडतं. पुण्यात बसलेला माणूस आपल्या डोणगावातलं लग्न घरबसल्या पाहतो. तुम्हाला हे दाखवलं असतं तर तुम्ही पडद्याकडे बघितलंही नसतं. एवढंच विचारलं असतं, "सगळं बराबर हाये बे, पण तिकडच्याले आयकू येते का?"

तुमच्या हाताखाली आलो तेव्हा मला वायर सोलता येत नव्हती. एका लग्नात भोंगे चढवून झाले, मी मशीनपाशीच उभा राहून "हॅलो, हॅलो" केलं आणि ऐटीत म्हणालो, "मस्त वाजून राह्यला उस्ताद." तुम्ही विडी विझवलीत, माझ्याकडे बघितलंत. "भोंग्याखाली उभा राहून काय आयकतं? तुह्ये कान तेज हायेत, थेच तुले फसोतीन. सायकल घे, शेवटच्या घरापाशी जाय, तिथल्या बुढीले इचार का शब्द समजते का." मी चरफडत गेलो. म्हातारी म्हणाली, "आवाज येते बापा, पण कोण काय बोलून राह्यलं थे समजत नाही." परत येऊन तुम्हाला ते सांगितलं. तुम्ही शिडीवर चढून भोंगा हातभर वळवलात, आणि मला पुन्हा सायकल दाखवलीत.

गेल्या हंगामातलं एक लग्न तुम्हाला सांगायचं आहे. मुलीचे वडील बुलढाण्याच्या दवाखान्यात होते. हृदयाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टर उठू देईनात, आणि मुलाकडचे तारीख हलवायला तयार नव्हते. कन्यादान त्यांच्या धाकट्या भावानं करायचं ठरलं. वडिलांनी मला फोन केला. "चित्र मांगंपुढं झालं तरी चालते भाऊ. पण शेवटचं मंगलाष्टक माह्या ताईनं लिह्यलं हाये, थेच म्हणणार हाये. तेवढं मले आयकाचं हाये." मी म्हणालो, तुमच्या उशाशी ऐकू येईल.

सकाळी प्रक्षेपण चालू करून तपासणी करत होतो. मांडवातला माईक चालू होता आणि शेजारी मुलीच्या मावशा वरपक्षाची उणीदुणी काढत बसल्या होत्या. "बुंदीवर असे तुटून पडले, जसी जलमात पाह्यली नाही!" लिंक तर दोन्हीकडच्या पाहुण्यांना गेलेली. मी घाईनं सॉफ्टवेअरमध्ये तो आवाज फक्त माझ्या हेडफोनपुरता ठेवला, बाहेर जाणं बंद केलं. मग लाइट गेली, जनरेटर लावला, गुरुजी आले, आणि ते परत बदलायचं राहून गेलं. पडद्यावर आवाजाच्या हिरव्या पट्ट्या नाचत होत्या. हेडफोनमध्ये तर इतकं स्वच्छ, की अक्षता पाटावर पडल्याचंही ऐकू येत होतं. नेट माझ्याच फोनचं होतं आणि कॉल आला की ते तुटतं, म्हणून कॉल बंद ठेवलेले. दुसऱ्या कुणाच्या फोनवर लिंक उघडून मांडवाबाहेर जायचं आणि ऐकायचं, एवढंच काम होतं. मी जागचा हललो नाही. मुलीच्या आत्याबाई, म्हणजे वडिलांची ती ताई, उभ्या राहिल्या, भावाच्या उल्लेखाशी क्षणभर थांबल्या, पुन्हा उचललं. माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, तिकडे पोचलं.

जेवणं सुरू झाल्यावर कॉल चालू केले, तर दवाखान्यातून मुलीच्या वडिलांच्या भाच्याचा फोन. "भाऊ, पह्यल्यापासून सगळं मुक्यावानी चाल्लं. मामा काही बोलले नाही, नुसते पाहत राह्यले." मी रेकॉर्डिंग उघडलं. तेही मुकं. जे बाहेर जात होतं तेच साठत होतं.

दुसऱ्या दिवशी मी बुलढाण्याला गेलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण खाटेपाशी पोचल्यावर तोंडातून निघालं, "नेटवर्कनं घात केला हो." ते म्हणाले, "हाव, आपल्याकडचं नेटवर्क असंच हाये. तुमचा काय दोस?" भाच्यानं त्यांना मूठभर अक्षता आणून दिल्या होत्या. "सगळ्यायचे हात वर गेले का मी बी टाकत गेलो. नर्सबाई लय बोलली, झाडू मारून मारून थकली म्हणे." ते हसले, आणि मग छातीवर हात ठेवून हळूच म्हणाले, "पण ताईनं काय म्हटलं? तुम्ही तर होते तिथं."

मला शब्द न् शब्द आठवत होता. ज्या खांद्यावर बसून ही पोर जत्रा पाहायची तो खांदा आज मांडवात नाही, देवा, पण पहिली अक्षता त्याच्या हातची पडू दे. मी ते किराण्याची यादी वाचावी तसं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. "अन् चाल?" मी म्हणालो, चाल मला येत नाही. त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं.

तुमच्या तोंडावर मी खोटं कधी बोललो नाही, कारण तुम्ही स्वतः सायकल काढून बघून आला असता. हे पत्र वहीतच राहील. पण एक गोष्ट लिहून ठेवतो. परवा ते गृहस्थ बरे होऊन, काठी टेकत माझ्या दुकानात आले. एक गिऱ्हाईक लग्नाचं विचारत बसलं होतं. त्याला त्यांनी आपणहून सांगितलं, "डोळे झाकून यायले काम द्या. आमच्या वक्ती नेटवर्कनं दगा देला, या माणसानं नाही." उस्ताद, मी मान खाली घातली आणि तिघांसाठी चहा मागवला.