पलीकडचा धुरा

माय, मी समुद्र पाहून आले. आल्या आल्या तुलाच सांगायचं होतं, पण तोंड उघडलं की डोळे भरून यायचे. म्हणून लिहून काढते आहे.

तुझ्या नातीनं नेलं. जिच्या जन्माच्या वेळी तू यात्रेची गाडी सोडलीस, तीच ही. आता नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात नोकरी करते. हे जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी भाजीबाजार आणि वाचनालय सोडून कुठं गेले नव्हते. एक दिवस ती म्हणाली, "आई, अंदमानले जाऊ. लहानसं बेट आहे. सोपं सोपं चालायचं अन् पाहायचं." मी म्हटलं, "मले काय करायचं बेट?" तर म्हणते, "काहीच करायचं नाही, तेच तं सांगून राहिली मी!"

खरंच तिथं काही करायचं नसतं. सुपारीच्या बागांमधून सपाट रस्ता जातो. दोन्हीकडे केळी, मधे कुणाचं घर, दारात कोंबड्या. चालत राहायचं, दमलं की नारळाचं पाणी प्यायचं. कोणतीही वाट धरली तरी शेवटी समुद्रच येतो. पहिल्यांदा तो झाडांच्या फटीतून दिसला तेव्हा मला वाटलं, कुणाचं तरी जवसाचं वावर फुलावर आलं आहे. तसाच निळा. मी मागे वळून म्हणणार होते, 'माय, पाह्य नं.' मागे सहलीतल्या दुसऱ्याच बाया होत्या.

सातवीत माझी शाळा सुटली आणि पुढचं वाचणं मी अडखळत, एकटीनंच शिकले. माहेरी आले की तुला वाचून दाखवायची. अकोल्याच्या त्या पत्र्याच्या घरात तू तुरीतले खडे निवडत बसलेली असायचीस. एकदा पुस्तकात समुद्र आला. तुझा हात सुपातच थांबला. वावराच्या बांधाबद्दल विचारावं तसं तू विचारलंस, "त्याले पलीकडचा धुरा असते काय?" मी म्हटलं, "नसते म्हनते." तू विचारात पडलीस. "मंग राखन कशी करत असन लोकं?" मी हसून हसून पुस्तक मिटलं, आणि तू म्हणालीस, "हासतं काय, पुढं वाच."

त्यानंतर गल्लीतल्या बायांची रामेश्वरची गाडी ठरली. तुझं गाठोडं बांधून तयार होतं आणि माझे दिवस भरत आले. काकू म्हणाली, मी पाहते पोरीकडे, तू जा. तू गाठोडं सोडलंस. "समुद्र काय पळून जाते काय? लेक बाळंत होऊन राहिली." शेजारणीला मात्र फाटकापर्यंत सोडायला गेलीस. "माह्या नावानं एक डुबकी मारजो वं." ज्याला जाता येत नाही त्याच्या नावानं दुसऱ्यानं डुबकी मारली की त्याला पोचते, असं तुम्ही सगळ्या मानायच्या.

शेजारीण परत आली तेव्हा तू तिच्या पाया पडलीस. तीर्थाहून आलेल्याच्या पडतात म्हणून. ती तुझ्यापेक्षा कितीतरी लहान होती. तुझं डोकं अजून तिच्या पायावर होतं तेव्हा ती म्हणाली, "मावशे, तुह्या नावाची राहूनच गेली वं. लय गर्दी होती." तू उठलीस, पदर सारखा केलास. "राहू दे. समुद्र थोडाच आटते." मग घरात येऊन पोरीला मांडीवर घेतलंस. त्याच हिवाळ्यात तू गेलीस. पोरीला दातही आले नव्हते.

बेटावर तिसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी एक दगडी कमान बघायला नेलं. पाणी मागे सरकतं आणि खालची जमीन उघडी पडते. ओली जमीन दिसली आणि मी चप्पल काढून हातात घेतली. विचारसुद्धा केला नाही. आपल्या काळ्या मातीत दुसरं करणार काय? तूच शिकवलंस: "पाय धुता येते. चप्पल चिखलात तुटली तं कुठून आनू?" वाटाड्या ओरडला, "माताजी, चप्पल पहनो, ये मिट्टी नहीं, मूंगा है!" तोवर पोवळ्याच्या धारदार खडकानं दोन्ही तळवे कापले होते. पोरगी धावत आली. "आई, हे आपलं वावर आहे काय वं?" मी खडकावर बसून रडले. तिला वाटलं, फार लागलं. मला तर वावरातून परतताना माझ्यापुढं चालणारी तू दिसत होतीस. हातात चप्पल, घोट्यापर्यंत काळी माती, आणि मी मागं पडले की न वळताच "चाल वं" म्हणणारी.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पायाला पट्ट्या होत्या तरी मी पाण्यात गेले. तिथं मऊ वाळू आहे, कमरेइतकं पाणी. पोरीनं हात धरला होता. तुझं नाव मी जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं आणि डुबकी मारली. नाकातोंडात खारं पाणी गेलं. डोळे पुसून समोर पाहिलं. धुरा नाही, माय. मी नीट पाहिलं.

पोरगी म्हणाली, "आजीची झाली. आता बाबांच्या नावानं मार." मी म्हटलं, "पाय चुरचुरून राहिले, चाल," आणि काठावर आले.

घरी आल्यावर समोरची सूनबाई माझ्या पाया पडायला आली. समुद्रावरून आले म्हणून. मी पाय मागे घेतले. तिला वाटलं, पट्ट्यांमुळे.

तुला वाचता येत नव्हतं. हे कागद वाचून दाखवायलाही मीच लागले असते, आणि इथपर्यंत येऊन थांबले असते. पाय चुरचुरत नव्हते, माय. ज्याच्या नावानं डुबकी मारायची, तो आता कधी यायचा नाही असं आधी मनात धरावं लागतं. तुझ्यासाठी ते इतक्या वर्षांनी जमलं. यांची चप्पल अजून दाराशी आहे.