सहा की शेहेचाळीस?

कुनमिंग, १९७४

बाबा, तुमच्या आमेइचा नमस्कार.

मी बरी आहे. तांदळाच्या शेवया पोटभर खाते. मोजून मोजून डोळे तेवढे शिणलेत. आईचा खोकला थांबला का?

चीनच्या पूर्वेकडच्या भेकर हरणांत शेहेचाळीस गुणसूत्रं असतात. तुम्ही धरून पाठवलेली मादी दिसायला त्यांची सख्खी बहीण, पण तिच्यात मला सहाच दिसली. आमच्या प्रयोगशाळेचे शेन गुरुजी ओरडले, "झोपेत मोजलीस का?" महिनाभर रोज पुन्हा मोजली. काल ते स्वतः सूक्ष्मदर्शकाशी बसले आणि हळूच म्हणाले, "सहाच आहेत गं, पोरी. आता नरही बघायला हवा. वडिलांना लिही."

मी नाही म्हणाले. ती मादी धरताना तुम्ही दरीत घसरलात, हे आईने कळवलंय. पाय टेकवता येतो का? खरं लिहा. नर दुसरं कोणीही आणेल. तुम्ही डोंगरात जायचं नाही.

तुमची दमलेली लेक,
आमेइ