बेलेट रोज रस्त्यावर राहील

मी, तोशिए मोमोसे, वय शहात्तर, पूर्वीचा व्यवसाय औषधविक्री, राहणार होताका, आझुमिनो, नागानो प्रांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, भर सकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझे यकृत कामातून गेले आहे, डोके शाबूत आहे. डॉक्टरांनी वसंतापर्यंतची मुदत दिली आहे. ते नेहमी सढळ हाताने देतात, म्हणून मी नोव्हेंबरातच लिहिते. हे लिहायला मला कोणी भरीला पाडलेले नाही. उलट, मी लिहू नये असे ज्यांना वाटेल त्यांची नावे पुढे येतील. याआधी मी असा कागद कधी केलेला नाही.

कलम १. राहते घर, त्याखालची जमीन आणि मागची सफरचंदांची सोळा झाडे माझी एकुलती एक मुलगी चिकागे हिला मिळावीत. ती चिबा शहरात राहते आणि इथे येऊन राहणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिने घर विकायला माझी हरकत नाही. झाडे तोडू नयेत. विकत घेणाऱ्याला तशी अट घालावी. बँकेत जे काही आहे तेही तिचेच. कायद्याने तिचा जो वाटा ठरतो त्यापेक्षा हे जास्त आहे, तेव्हा पुढच्या कलमांबद्दल तिने तक्रार करू नये.

कलम २. माझी पुस्तके, औषधशास्त्राची जुनी धरून, गावच्या वाचनालयाला द्यावीत. समासात मी पेन्सिलीने लेखकांच्या चुका लिहिल्या आहेत. त्या पुसू नयेत.

कलम ३. लोणच्याच्या पिंपावर ठेवायचा दगड माझी नणंद तामाए हिला द्यावा. १९९१ साली तिने माझा दगड उसना नेला. परत आणला तो दुसराच होता, मुठीएवढा लहान. मी तेव्हा बोलले नाही, पण सव्वीस हिवाळे माझी पाल्याची लोणची नीट दबली नाहीत. तिचा दगड तिला परत मिळावा.

कलम ४. अंत्यविधी साधा असावा. शववाहिका कोणतीही चालेल. मला माझ्या बेलेट गाडीतून नेण्याचा भावुकपणा कोणी करू नये. तिची मागची सीट आखूड आहे.

कलम ५. आता गाडी. इसुझू बेलेट, चार दारांची, फिकट हिरवी, दीड हजार सीसी इंजिनाची. एप्रिल १९६६ मध्ये मी ती नवी घेतली. मी पंचवीस वर्षांची होते, तोक्योतून पदवी घेऊन आले होते आणि डोंगरातल्या वाड्यांवर औषधे पोचवायची होती. नोंदणीच्या कचेरीत कारकुनाने माझ्या खांद्यावरून मागे पाहिले.

"मालक कुठे आहेत?"

"समोर उभी आहे," मी म्हणाले.

त्याने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि मग पाट्या दिल्या. वरच्या ओळीत गावाच्या नावाचे एकच अक्षर, पुढे एकच आकडा, पाच, आणि खाली गाडीचा नंबर. तशा पाट्या पुढच्या काही वर्षांत बंद झाल्या. ज्या गाड्यांवर त्या आहेत त्यांनाही त्या दोन अटींवरच ठेवता येतात. गाडी या कचेरीच्या हद्दीबाहेर जायची नाही आणि तिची नोंदणी एक दिवसही तुटायची नाही. नोंदणी एकदा तुटली की पाट्या कचेरीत जमा होतात आणि मोडीत जातात. तो नंबर पुन्हा कोणालाच मिळत नाही.

लग्नानंतर माझे यजमान शुन्साकु बायको चालवत असलेल्या गाडीत कधी बसले नाहीत. १९८३ मध्ये त्यांनी स्वतःसाठी मोठी गाडी घेतली आणि बेलेट सफरचंदांच्या पेट्यांच्या शेडमध्ये गेली. सोळा वर्षे ती तिथे होती. तपासणीची मुदत संपून गेली, पण दर मे महिन्यात मी तिचा कर भरला, म्हणजे नोंदणी जिवंत राहिली. शुन्साकु विचारत, "चालत नाही त्या गाडीचा कर कशाला?" मी म्हणे, "तुम्ही तरी कुठे चालता, तुमचाही भरतेच की." ते हसत. ते वाईट नव्हते. फक्त बाजूला बसत नसत.

ते गेल्यानंतर, १९९९ च्या वसंतात, मी गाडी तेत्सुजी कोमियामाच्या गॅरेजमध्ये ओढत नेली. कोमियामा तेव्हा सेहेचाळीसचा होता. त्याने गाडीतला गालिचा उचलला तर खालून जमीन दिसली.

"बाई, हिला तळच नाही," तो म्हणाला. गावात मला सगळे बाई म्हणतात.

"मग तळापासून सुरू कर."

तीन वर्षे दर रविवारी मी तिथे गेले. त्याने पत्रा कापला, जोडला. मी कार्बुरेटर उघडला आणि औषधांच्या तराजूशेजारी मांडून साफ केला. ब्रेकची रबरे मिळेनात, तेव्हा त्याने त्याच कंपनीच्या एका जुन्या ट्रकची शोधून आणली. चार वेळा बसवली, चार वेळा तेल गळले. पाचव्यांदा गळले नाही. त्या दिवशी आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघता चहा घेतला. त्याच्या बायकोने माझ्यासाठी वेगळा कप ठेवला होता. हे मी यासाठी लिहिते की पुढे जे झाले ते एखाद्या परक्या माणसाने केलेले नाही, हे वाचणाऱ्याला कळावे.

२००२ पासून बेलेट रोज चालली. मिरवायला नाही, कामाला. औषधे, बाजार, दात दाखवायला, नव्वदीच्या म्हाताऱ्यांना गरम पाण्याच्या झऱ्यावर सोडायला. सकाळी चोक अर्धा ओढायचा, दोन मिनिटे थांबायचे, मग ती आपणच सांगते की चला. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि पत्र्याचा खरा शत्रू तेच. म्हणून रोज संध्याकाळी आदल्या रात्रीच्या अंघोळीचे उरलेले पाणी बादल्यांनी तिच्या पोटाखाली मारायचे. शेजारी म्हणत, बाई गाडीला अंघोळ घालतात. घालत होते. तेरा हिवाळे तिला गंजाचा एक ठिपका आला नाही.

कलम ६. जानेवारी २०१५ मध्ये मी स्वतःच्या दारात बर्फावरून घसरले आणि मांडीचे हाड मोडले. गाडीत नव्हे, चपलेत. साडेतीन महिने इस्पितळात होते. तिथल्या कागदांसाठी मी चिकागेला सहीच्या जागी चालणारा माझा नोंदवलेला शिक्का आणि त्याचे कार्ड दिले. शहात्तर वर्षांत मी केलेली ही सर्वांत मोठी चूक. पोटच्या मुलीला शिक्का देताना कोणी पावती घेत नाही.

मे महिन्यात कुबडीवर कोमियामाच्या गॅरेजमध्ये गेले; चिकागेने गाडी तिथे पोचवली होती. बेलेट कोपऱ्यात होती. पुढे पाटी नव्हती, मागेही नव्हती. चिकागे माझ्यासोबत होती.

"आई, तात्पुरतं आहे ते. कागदावरच लिहिलंय, तात्पुरती नोंदणी रद्द. तू बरी झालीस की परत करता येते."

"आणि नंबर?"

"नंबर काय, नवा मिळतो. आई, एवढंसं तोंड करू नकोस. डॉक्टर म्हणाले होते तुझा पाय क्लचवर जाणार नाही. टीव्हीवर रोज दाखवतात, म्हातारी माणसं ब्रेकऐवजी भलतंच दाबतात. तुला काही झालं असतं म्हणजे?"

तिच्यावर मी रागावले, अजूनही आहे. पण ती खोटे बोलत नव्हती. तिने तो एक शब्द वाचला आणि तिला तो पुरेसा वाटला. नंबरचे तिला खरोखर माहीत नव्हते.

कोमियामाला माहीत होते.

"पाट्या कोणी काढल्या?" मी विचारले.

"मी काढल्या, बाई."

"मागच्या पाटीवर सरकारी सील असतं."

"फोडलं."

"स्क्रू गंजले असतील."

"हो. तेल सोडलं आणि अर्धा तास थांबलो."

"अर्धा तास थांबलास," मी म्हणाले, "आणि तरी काढल्यास."

त्याने हातातले फडके खिशात कोंबले. मग म्हणाला, "तुम्हाला रस्त्यावरून उचलून आणायची वेळ माझ्यावर आली असती, बाई. नंबर जाऊ दे म्हटलं."

"माझा नंबर. जाऊ दे तू म्हटलंस."

एकोणपन्नास वर्षांना एक महिना कमी होता. ती गाडी एका बाईच्या हातात, एकाच गावात, एक दिवसही खंड न पडता राहिली, एवढेच त्या पाटीवर लिहिलेले होते. ते वाचता येणारी माणसे या गावात दोनच होती. त्यातल्या एकाने ते पुसले. मुलीने मला म्हातारी समजून फसवले, ते मी समजू शकते. त्याने मला पूर्ण ओळखून फसवले.

मी गाडी मात्सुमोतो शहरातल्या दुसऱ्या गॅरेजमध्ये नेली, तपासणी करून घेतली आणि नवी नोंदणी केली. नवी पाटी रुंद आहे, वर तीन आकडे आहेत, बेलेटच्या नाकावर ती दुसऱ्याच्या चष्म्यासारखी दिसते. ऑगस्टपासून मी पुन्हा रोज चालवू लागले. पाय क्लचवर जात होता.

कोमियामा खाऊचा डबा घेऊन माफी मागायला आला. डबा मी परत पाठवला. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला माझ्या दारात काहीतरी असे. इग्निशनचे पॉइंट, दाराच्या रबराची गुंडाळी, कुठून तरी मिळवलेली मागच्या दिव्याची काच. मी ते सगळे वापरले. आभार मानले नाहीत. आम्ही अडीच वर्षे बोललो नाही.

कलम ७. या महिन्याच्या सात तारखेला मी पोलीस कचेरीत जाऊन परवाना परत दिला. कोणी सांगितले म्हणून नाही. त्या आठवड्यात दोनदा गिअर टाकताना हाताला जोर आला नाही, आणि समोर शाळेची मुले रस्ता ओलांडत होती. तेव्हापासून बेलेट नऊ दिवस उभी आहे. चिकागेला ती द्यायची नाही. चिबा हद्दीबाहेर आहे हा आता मुद्दा उरलेला नाही. तिला ती चालवायचीच नाही, हा मुद्दा आहे.

नागोयाचे एक संग्राहक गृहस्थ परवा येऊन गेले. त्यांनी हातमोजे घालून दार उघडले.

"बाई, माझ्याकडे आली तर हिच्यावर पावसाचा थेंब पडणार नाही."

"मग ती करेल काय?"

"राहील."

"राहायला माझी शेडही होती," मी म्हणाले आणि त्यांना चहा दिला.

माझे म्हणणे एवढेच आहे की बेलेट रोज रस्त्यावर राहावी. जो तिला घेईल त्याने ती पावसात, बर्फात, भाजी आणायला चालवावी. तिच्यावर कापड घालू नये. हिवाळ्यात रोज खालून धुवावी. जुन्या पाटीची नक्कल बाजारात करून मिळते, ती प्रदर्शनापुरतीही लावू नये. जे गेले ते गेलेलेच दिसले पाहिजे.

कलम ८. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. मला हवेत, कारण चिकागे उद्या म्हणेल की आई औषधांच्या गुंगीत होती. म्हणून आज दहा वाजता सोबा शेवयांच्या खानावळीचे रोकुरो मियासाका आणि रोज मला तपासायला येणारी परिचारिका फुताबा ओगुची यांना बोलावले. कोमियामालाही निरोप दिला होता. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. कशाला बोलावले हे त्याने विचारले नाही. वरची सात कलमे मी तिघांसमोर वाचली, सहावेसुद्धा. तो मान खाली घालून ऐकत होता. वाचून झाल्यावर त्याने टेबलावरचे पेन उचलले.

"कुठे सही करू, बाई?"

"तू करायची नाहीस."

त्याने पेन ठेवले. "एवढाही विश्वास उरला नाही?"

"नाही उरला. पण कारण ते नाही. सरकारी दप्तरात मृत्युपत्र करतात तेव्हा ज्याला काही मिळायचं त्याला साक्षीदार होता येत नाही. मी तोच नियम पाळते."

मियासाकांना राहवले नाही. "अरे, खुर्चीवर बस आधी," ते म्हणाले, "नाहीतर फुताबाला तुझंच बीपी घ्यावं लागेल."

तो बसला नाही. "मला माफ केलंत का, बाई?"

"नाही."

"पुढे कधी?"

"माझ्याकडे तेवढा वेळ नाही."

त्याने पेन माझ्याकडे सरकवले. मग म्हणाला, "मग घेतो."

सबब, सदर बेलेट गाडी, तिची सर्व कागदपत्रे, माझी हत्यारे आणि सुट्या भागांची अकरा खोकी तेत्सुजी कोमियामा, वय चौसष्ट, राहणार होताका, यास मिळावीत. कलम ७ मधील अटी त्याला लागू राहतील. त्या अटी मोडल्या तर विचारायला मी नसेन, पण तिचा आवाज त्याला कळतो, तेवढी शिक्षा पुरेशी आहे. मी मरेपर्यंत गाडी उभी ठेवण्याचे कारण नाही. किल्ली आजच दिली आहे.

तो आत्ता अंगणात ती सुरू करतो आहे. चोक जास्त ओढला आहे. सह्या झाल्या की जाऊन सांगते.

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा आहे. एक शब्द खोडला आहे, तिथे शिक्का मारला आहे.

तोशिए मोमोसे (सही व शिक्का)

साक्षीदार, दोघांनाही या कागदाने काही मिळत नाही:
१. रोकुरो मियासाका, खानावळ चालक, होताका (सही)
२. फुताबा ओगुची, परिचारिका, होताका (सही)

स्थळ: होताका, आझुमिनो
दिनांक: १६ नोव्हेंबर २०१७