उर्वीनं गाडी अडवली त्याबद्दल

निलंगा
दि. ११ जानेवारी २०२६

चि. उर्वी हिला आबाचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तू, धाकटी देविका आणि तुझे आई-पप्पा लातूरला खुशाल असाल. थंडी यंदा लई पडली. हरभरा घाट्यावर आला आहे. गुंडप्पाकाकाच्या म्हशीला रेडी झाली, तिच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे. तुझ्या आजीनं तिळाचे लाडू करून डबा भरून ठेवला आहे, आणि मी डब्याजवळ गेलो की तिला नेमकं तिथंच काहीतरी काम निघतं.

तुला वाटेल, फोन असताना आबा पत्र का लिहीत बसले. फोनवर तुझे पप्पा "बोल आबांशी" म्हणून तुझ्या हातात फोन देतात. तू म्हणतेस, "मी बरी आहे." मी म्हणतो, "अभ्यास कर." मग तूही गप्प, मीही गप्प. दिवाळीपासून हेच चाललं आहे. एकतीस वर्षं एसटीचं स्टेअरिंग धरलं. आज पेन धरलं आहे.

आधी तुझ्या कौतुकाचं लिहितो, ते सोपं आहे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आपण दोघं शेतातून मोटरसायकलवर येत होतो. दिवस मावळत होता, ऊन समोरून. सोयाबीनच्या पोत्यांची एक ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती. तू मागून ओरडलीस, "आबा, ट्रॉली!" मी हँडल वळवलं आणि आपण नालीत गेलो. गाडी माझ्या पायावर पडली, पेट्रोल सांडायला लागलं. तुझ्या हनुवटीतून रक्त गळत होतं. तेवढ्यात तू काय केलंस? आधी किल्ली फिरवून इंजिन बंद केलंस. मग माझ्या खांद्यावरचा टॉवेल घेऊन रस्त्यावर गेलीस आणि जीप थांबेपर्यंत तो हलवत राहिलीस. जीपवाला मला ओढायला लागला तर त्याला म्हणालीस, "काका, आधी गाडी उचला. त्यांचा पाय अडकलाय." अकरा वर्षांची पोर! नोकरीत मी चांगली बाप्यामाणसं अशा वेळी डोकं धरून बसलेली पाहिली आहेत. तुझा आवाजसुद्धा चढला नव्हता.

इथपर्यंतचं मी अख्ख्या गल्लीला सांगितलं. पुढचं सांगितलं नाही.

जीपमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी वाकून तुझ्या कानात म्हणालो, "घरी कोणी विचारलं तर कुत्रं आडवं आलं म्हण."

दवाखान्यात मी कुत्र्याची गोष्ट सांगितली. पहिल्यांदा ते साधं कुत्रं होतं. गुंडप्पाकाका भेटायला आले तेव्हा ते तांबडं झालं. तुझे पप्पा येईपर्यंत पिसाळलेलं झालं. सगळे म्हणाले, ज्याच्या हातून एकतीस वर्षांत एक अपघात नाही, त्या माणसाचा काय दोष! मी मान हलवली. तू खाटेच्या कडेला बसून सगळं ऐकत होतीस. चार दिवस तू माझं खोटं सांभाळलंस, आणि मला वाटलं, पोरगी समजदार आहे.

खरी गोष्ट अशी की मला ती ट्रॉली दिसलीच नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दोन वर्षांपासून समोर धुकं होतं. ऑपरेशनची मला भीती नव्हती. शेषेराव ड्रायव्हरला दिसत नाही असं लोक म्हणतील, याची होती. स्टँडवर मी तुला गाड्यांच्या पाट्या वाचायला लावायचो आणि "तुझाच अभ्यास होतो" म्हणायचो. तू ते कधीच ओळखलं होतंस, नाही का?

मग गाडी दुरुस्त होऊन आली. मी देविकाला टाकीवर बसवलं, "चल, जिलेबी आणू" म्हणालो. तू ओसरीवरून उतरलीस, गाडीच्या पुढं येऊन उभी राहिलीस आणि हँडलवर हात ठेवलास.

"आबा, देविकाला उतरवा."

"का गं?"

"कुत्रं नव्हतं. ट्रॉली होती. तुम्हाला दिसली नाही. तुम्हाला दिसतच नाही, आबा."

अंगणात सगळे होते. मी काय बोललो ते तुला पाठ असेल. तरी लिहितो, माझ्या हातानं लिहिलं गेलं पाहिजे. मी म्हणालो, "लबाड पोरगी! आजोबाच्या नावावर खोटं घालतीस?" तुझ्या पप्पांनीही तुलाच दटावलं. तू रडली नाहीस, हात काढला नाहीस. तुझ्या आईनं देविकाला उचलून घेतलं, तेव्हा कुठं तू बाजूला झालीस.

दुसऱ्या दिवशी लातूरला निघताना तू माझ्या पाया पडायला वाकलीस. मी पाय मागं घेतले.

हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले, माय.

त्यानंतर महिनाभर मी तसाच ताठ होतो. डिसेंबरात किल्लारीला एका बारशाला निघालो. स्टँडवर गाडी लागलेली दिसली, चढलो आणि बसलो. अर्ध्या तासानं कंडक्टर आला. ओळखीचा होता. म्हणाला, "मामा, औरादला काय काम काढलं?" मी औरादच्या गाडीत बसलो होतो! ज्या किल्लारीच्या रस्त्यावर मी वर्षानुवर्षं गाडी चालवली, त्या रस्त्याची गाडी मला ओळखता आली नाही. आणि मी काय केलं? "हाव, काम हाय थोडं," म्हणून औरादचं तिकीट घेतलं. तिथं स्टँडच्या बाकड्यावर परतीची गाडी येईपर्यंत बसून राहिलो. तिथं मला तुझा तो हँडलवरचा हात आठवला. तू त्या दिवशी हात ठेवला नसता तर देविकाचं काय झालं असतं, हे पहिल्यांदा मनात आलं.

घरी येऊन तुझ्या आजीला म्हणालो, "मला दिसत न्हाई."

ती म्हणाली, "ठाऊक हाय. भाकरीवर मीठ समजून साखर घेता तुम्ही. लेकरानं सांगितलं ते मला सांगायचा धीर झाला न्हाई, एवढंच."

मागच्या महिन्याच्या शेवटी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तर तुझी आजी समोर उभी. मी म्हणालो, "तू केव्हा एवढी म्हातारी झालीस?" चार दिवस बोलली नाही माझ्याशी. घरी आल्यावर मोबाईलमधला तुझा शाळेतला फोटो पाहिला. तुझ्या हनुवटीवर तीन टाक्यांची खूण आहे. मी आजवर सगळ्यांना "पोरीला जरासं खरचटलं" म्हणून सांगत होतो. मला ते दिसलंच नव्हतं.

मग गुंडप्पाकाकाला घरी बोलावलं, शेजारच्यांना बोलावलं. चहा पाजला आणि सगळं खरं सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे ते तांबडं कुत्रं?" मी म्हणालो, "ते मी पाळलं होतं." लोक हसले. मला वाटलं होतं तेवढी माझी इज्जत गेली नाही.

आता आजोबा म्हणून दोन गोष्टी सांगू दे. मोठ्यांना उलट बोलू नये असं मी तुला शिकवलं. ते अर्धवट शिकवलं. मोठा माणूस चुकत असेल आणि त्यात कोणाचा जीव जाणार असेल, तर बोल. तो बाप असो, सर असो, उद्या साहेब असो. ओरडू नको, तू ओरडली नव्हतीस. समोर उभी राहा आणि खरं आहे ते सांग. लोक खवळतील, खवळू दे. आणि ज्याच्यावर आपली माया आहे त्याचं खोटं आपण वाहू नये. ते ओझं मी तुझ्या डोक्यावर दिलं होतं, तू गप्प राहिलीस त्यात तुझा काही दोष नाही.

दुसरं, माणूस उशिरा कबूल झाला तरी त्याला दारातून परत पाठवू नको. हे मी माझ्या सोयीचं सांगतोय असं तुला वाटेल. थोडं तसं आहेही.

जिंदगीत मी लई माणसं पाहिली, उर्वी. हजारो बसवली-उतरवली. तुझ्याएवढ्या हिमतीचं माणूस माझ्या गाडीत बसल्याचं मला आठवत नाही. ते माझ्याच घरात जन्मलं, याचा मला अभिमान आहे.

गाडीची किल्ली मी तुझ्या पप्पांकडं पाठवून दिली आहे. डावा डोळा पुढच्या महिन्यात. एक काम कर. हे पत्र आई-पप्पांसमोर आणि देविकासमोर मोठ्यानं वाच. तुला लबाड म्हणालो ते सगळ्यांसमोर म्हणालो, तेव्हा माफीही सगळ्यांसमोर मागायला पाहिजे. तू खरं बोललीस, खोटा मी होतो. मला माफ कर. लगेच जमणार नसेल तर सावकाश कर, मला घाई नाही.

तुझ्यासमोर मान खाली घातलेला,
तुझा आबा