भीमाबाईचं हसणं आणि सरांचा पासवर्ड

३ जुलै
लॅबच्या लिनक्स मशीनचा अ‍ॅडमिन पासवर्ड शेवटी उपप्राचार्यांना द्यावा लागला. "कॉम्प्युटर कॉलेजचा आहे मॅडम, तुमच्या घरचा नाही." सांगून पाहिलं, रोजच्या कामाले तो लागत नाही; अ‍ॅडमिन म्हणून प्रोग्रॅम उघडला की मशीन कशालेच नाही म्हणत नाही. सर हसले. "मंग तं बरंच आहे!"
किळस आली.

५ जुलै
सर सगळंच अ‍ॅडमिन म्हणून उघडतात. ब्राउझरसुद्धा. पोरींच्या प्रोजेक्टमध्ये हात घातला. आता त्यांच्याच फायली त्यांना 'परवानगी नाही' म्हणतात. दुपारभर हक्क परत लावत बसले. तक्रार कोणाकडे करू? प्राचार्य त्यांचे साडू.

९ जुलै

उन्हाळ्यात केळापूरकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, त्यांच्या वस्तीवर गेलते. आमची विद्यार्थिनी सुनंदा, तिची आजी भीमाबाई. अंगणात बसून तिच्या कोलामी भाषेतल्या कहाण्या रेकॉर्ड केल्या. फायली मुद्दाम लॉक, फक्त ऐकता येतील अशा. सरांना त्या कहाण्या कॉलेजच्या कार्यक्रमात वाजवायच्या होत्या. सेव्ह होईना, तर ऑडिओचा प्रोग्रॅम अ‍ॅडमिन म्हणून उघडला, काटछाट केली, मूळ फायलींवरच सेव्ह. बाहेरच्या डिस्कवरची प्रत 'डबल आहे' म्हणून उडवली.
"म्हातारी खोकते काय, मधातच हसते काय. साफ केलं. थँक्यू म्हणा."

१० जुलै
उडवलेलं परत मिळते का, पाहिलं. तुकडे. बाकी खरखर.

१२ जुलै
कार्यक्रम. सर माइकवर, "आम्ही एक भाषा वाचवली." टाळ्या. शाल. 
सुनंदा मागं उभी. नंतर म्हणाली, "मॅडम, आजी तिथं हसते, तवा समजते का कहाणीतली पोरगी वाचली. हसणं काढलं तं ती मेली ना."


१४ जुलै
पासवर्ड बदलला. सर आले, "मशीन मले चुकीचा पासवर्ड म्हणून राह्यलं."
"बरोबर म्हणून राह्यलं."
प्राचार्यांचं बोलावणं, बुधवारी.

१५ जुलै
सुनंदासोबत पोडावर. भीमाबाईले सगळं तिनंच कोलामीत सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली, मग काहीतरी विचारलं.
"आजी म्हणते, काढलेलं हसणं कुठं टाकलं?"
 पुन्हा सांगाल का, हे विचारायची लाज वाटली, तरी विचारलं. म्हातारी उठून आत गेली. बराच वेळ आलीच नाही. शेवटी जीपची वेळ झाली, निघालो, तर दारातून बोलली.
सुनंदा माझ्याकडं न पाहता म्हणाली, "त्या सराले आणा म्हणते. त्याले समोर बसवून कहाणी सांगते."
त्या माणसाले. त्या अंगणात.
उद्या प्राचार्यांच्या खोलीत दोघंही साडू असतील. सरांना पोडावर चला म्हणून विचारीन का, मलेच माहीत नाही.